माळाचा सध्याचा वापर

२ जून
खड्डे खोदायचं मशीन आज माळावर आलं. ग्रामसभेचा ठराव व्हायचा आहे, पण सर म्हणतात होईलच. सर म्हणजे आमच्या संस्थेचे पुण्याचे साहेब. गड्यांना प्रशिक्षणातलं ऐकवत होते: निसर्ग ही सगळ्यांची पायाभूत सुविधा, रस्त्यासारखी, पाण्याच्या टाकीसारखी, म्हणून हवामान निधी इथं झाडांसाठी पैसे घालतोय. मला हे तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पाच वर्षं तारेचं कुंपण. गावाला सावली, पाणी. छान वाटलं दिवसभर.

५ जून
आईला नानांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, फोन. मेंढरं घेऊन कोकणातून निघालेत, घाट चढले. चारपाच दिवसांत सुप्याकडून आपल्या माळावर.
फेब्रुवारीत मी भरलेला फॉर्म काढला. रकाना: जमिनीचा सध्याचा वापर. माझं अक्षर: काही नाही, पडीक.
दिवाळीनंतर मेंढरं कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, हे धनगराच्या पोरीला कुणी शिकवायचं? ऊन होतं, सर गाडीत थांबले होते, समोर माळ रिकामा होता. लिहून मोकळी झाले. लाज वाटते.

६ जून
सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, तेच अवघड. "फॉर्म वर गेलाय, मंजूर झालाय. आता बदलला तर सगळंच अडकेल. आणि झाडं लावणं वाईट आहे का?"
वाईट नाही.
गवताचं काय, विचारलं. गवताचा कार्बन मातीत असतो म्हणाले, मोजायला वेळ लागतो, खोडं चटकन मोजता येतात. म्हणजे मोजता येतं तेवढंच सगळ्यांचं. मनात म्हटलं, तोंडानं नाही.

१० जून
नाना आले. आल्याआल्या एका मेंढीचा पाय खड्ड्यात जाऊन मोडला. बांबूच्या कामट्या बांधून घरी आले, चहाला हात लावला नाही.
"माळ मोकळा हाय आसं कुणी लिवलं?"
आई माझ्याकडं बघून आत गेली. मी कप विसळत बसले.
"वढा उन्हाळ्यात कोरडाच आसतोय. म्हणून त्यात कुणी घर बांधतं व्हय?"

११ जून
नानांबरोबर माळ फिरले. ते झाडांवर चिडलेले नाहीत, हे मला आज कळलं. "वढ्याच्या कडंला लावा की, आमी राखू. पण हितं गवात ऱ्हाऊ द्या." कुठं पाणी मुरतं, कुठलं गवत आधी फुटतं, खालच्या विहिरी कुठल्या उताराच्या पाण्यावर भरतात, सगळं चालता चालता सांगितलं. फॉर्मात ह्याला रकानाच नाही. वापर असा रकाना होता, तोही मी घालवला.

१३ जून
उद्या ग्रामसभा. ठरावाला माझाच फॉर्म जोडलाय.
आई म्हणाली, "तू गप बस. तुझे आबा जायचे ती लोणी देवकरची कंपनी बंद झालीया, तुझी नोकरी गेली तर काय करायचं?" आबा, माझे वडील, तिथंच बसून ऐकत होते.
सरांचा फोन: उद्या फक्त हजर राहा, बोलायचं मी बघतो.
संध्याकाळी नाना. त्यांना वाचता येत नाही. सरपंचांना सांगून आले होते की कागद माझ्या पुतणीनं वाचायचा. "तू आपली हायेस. तू खोटं न्हाय वाचायचीस."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

१४ जून, सकाळी
समाजमंदिर. कोरमला चार माणसं कमी, म्हणून लिहीत बसलेय. सर पहिल्या रांगेत, माझ्याकडं बघत नाहीत. फॉर्म मांडीवर.
नाना शेजारी येऊन टेकले. कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही सही कुणाची?"
"वाचताना सांगते, नाना."
चौघं आले. सरपंच माझं नाव घेताहेत.