प्लंबरला एवढ्यात बोलावू नका

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (आशीर्वाद बसल्या जागेवरूनच द्यावा, उठू नये.) गुडघ्याची सूज उतरली असेल आणि वहिनींची सर्दीही आटोक्यात असेल, अशी आशा करतो. तुमच्या पत्रात "मागचं दार लागलं" एवढंच लिहिलं आहे. कोणत्या पायाला लागलं, नेमकं कुठे लागलं, काही नाही. यावरून मी ताडतो की तुम्ही उजवा गुडघा वापरलात. त्या दाराला डावा लागतो, कडीच्या वीतभर खाली, आणि त्याच क्षणी मूठ वर उचलायची. आधी मूठ उचलली तर दार अडतं, आधी गुडघा मारला तर गुडघा. हे सगळं मी किल्ली देताना सांगितलं होतं आणि तुम्ही मान डोलावली होती. (मान डोलावणारा माणूस ऐकत नसतो, हे इतकी वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवून मला कळायला हवं होतं.) वहिनींच्या सर्दीचं कारणही तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते न्हाणीघरातला नळ असणार. त्या बंद करायला गेल्या आणि त्यांनी तो पूर्ण सोडला. बरोबर ना?

तुमचा प्रश्न मात्र सरळ आहे. सुताराला आणि प्लंबरला बोलावून सगळं नीट करून घ्यावं असं तुमच्या मनात आहे. पण त्याआधी तुम्हाला कळायला हवं की आमच्या दोन खोल्या आम्ही तुम्हाला कायमच्या देतोय, की मी आणि तुमची बहीण परत येणार. प्रश्न रास्त आहे. जिने चढवत नाहीत म्हणून तुम्ही आमच्या तळमजल्यावर राहायला आलात आणि गुडघा तळमजल्यावरच फुटला, याचं मलाही बरं वाटत नाही. उत्तर शेवटी देतो. आधी इथली, लेकीकडची हकीकत वाचा, म्हणजे ते उत्तर असं का, हे लक्षात येईल. (शेवट आधी वाचू नका. वर्तमानपत्रातलं कोडं तुम्ही उत्तरं बघून सोडवता, हे आख्ख्या घराला ठाऊक आहे.)

त्या दोन खोल्यांत मी बाहेरच्या माणसाचा हात कधी लागू दिला नाही. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. मिक्सर, इस्त्र्या, पंखे उघडून बघत बघत शिकलो, आणि एवढं सगळं उघडून बघितल्यावर माझं पक्कं मत झालं की वस्तू जराशी बिघडली म्हणून ती बदलायची नसते, माणसाला सवय लावायची असते. वस्तू पुन्हा बिघडते, सवय बिघडत नाही. पंखा काठीने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही? काठी पंख्याखालीच ठेवायची. नळ उलटे फिरतात? (भंगारात निघालेल्या एका यंत्राचे उलट्या आट्यांचे नळ मला मिळाले होते. अस्सल पितळ! तसलं पितळ आता औषधालाही सापडत नाही.) तर उलटे फिरवायचे. आमची लेक त्याच घरात चालायला शिकली, आणि शाळेत जाईपर्यंत तिची समजूत होती की जगातले सगळे नळ तसेच फिरतात. शाळेच्या पहिल्या दिवशी ती नखशिखांत भिजून आली, तेव्हा मी तिला सांगितलं होतं की शाळेचे नळ चुकीचे आहेत.

सांगायचा मुद्दा असा, की त्या घरातल्या प्रत्येक वस्तूची एक पद्धत होती, आणि पद्धत चुकली की हाक यायची. अहो, पंखा! अहो, दार! अहो, नळ! दुकानातून जेवायला घरी आलो की पाटावर टेकण्याआधी एक तरी 'अहो' व्हायचाच. मी वैतागायचो, कपाळाला हात लावायचो, पान्हा घेऊन जायचो. आता वाटतं, उगाच वैतागायचो.

आता हे लेकीचं घर. मोठं आहे. तुम्ही बघितलं नाही म्हणून सांगतो, स्वयंपाकघरातून आमच्या खोलीत यायला इतकं चालावं लागतं की वाटेत काय आणायला निघालो ते विसरायला होतं. पूर्वी मी खोकलो की चहा यायचा. इथे खोकून बघितलं, मोठ्याने खोकून बघितलं, शेवटी लेकीचा तिच्या खोलीतून फोन आला की बाबा, डॉक्टरांकडे जायचंय का. कारखान्यांतली यंत्रं माणसाला चालवायला सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासायचं काम ती करते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिची सही झाल्याशिवाय भल्याभल्यांना बटण दाबता येत नाही. अशा मुलीने सामान लावताना माझी हत्यारांची पेटी उघडली, सोल्डरिंगची दांडी उचलली, वायरीला जिथे मी चिकटपट्टी गुंडाळली आहे तिथे बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि पेटी माळ्यावर गेली. रागावली नाही. म्हणाली फक्त एवढंच, की इथे काही बिघडलं तर फोन करायचा, माणूस येतो. माणूस येतो! मग इतकी वर्षं तिच्या घरात जो होता तो कोण होता?

येण्याच्या दिवशीच मी तिच्या दाराला सवयीने डावा गुडघा दिला. दार निर्दोष निघालं. कसलीही कुरकुर न करता ते उघडलं आणि मी चपलांच्या कपाटापर्यंत विनाथांबा पोचलो. लेक समोरच उभी होती. "या," म्हणाली. (तेच आमचं स्वागत.) लिफ्टबाहेरच्या बोळात दिवे आहेत, ते माणूस हलला की लागतात आणि थांबला की विझतात. मला चालताना मधेच थांबून विचार करायची सवय. अंधार होतो, मग मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवतो. एकदा नेमकं समोरच्या दारातून इमारतीच्या सेक्रेटरींनी ते बघितलं. माणूस सज्जन आहे. मी त्यांनाच हात करतोय असं समजून त्यांनीही दोन्ही हात हलवले, आणि आता रोज हलवतात. खरं कारण सांगायची वेळ केव्हाच निघून गेली आहे, त्यामुळे मीही हलवतो.

पण खरा घोळ खणांचा आहे. इथले स्वयंपाकघरातले खण आपटत नाहीत. कितीही जोरात ढकला, शेवटच्या चार बोटांवर ते दमतात आणि अलगद मिटतात. आता तुम्हीच सांगा, तुमच्या बहिणीचा राग मी आजवर कशावरून ओळखत आलो? खणावरून! चमच्यांचा खण आपटला तर किरकोळ, पिठाचा आपटला तर मी दुकानातच जेवायचो. इथे ती रागावली आहे की पीठ काढते आहे, काही पत्ता लागत नाही. परवा ती दिवसभर माझ्यावर रागावलेली होती आणि ते मला झोपताना तिनेच सांगितल्यावर कळलं. तिची सगळी मेहनत फुकट गेली.

तसं तिला इथे फार बरं वाटतंय, हे लिहायला हवं. आठवड्याभरात तिला सगळं येऊ लागलं. दार बोटाने ढकलते. नळ सरळ फिरवते. मी अजून रोज एकदा भिजतो, ती पहिल्या दिवसापासून कोरडी. एकदा खिडकी उघडत होती, एका हाताने, सहज, आणि मधेच थांबून मला म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, मलाच दारं उघडता येत नाहीत." चिडून नाही, हसून म्हणाली. (चोख उत्तर होतं, पण ते दुसऱ्या दिवशी सुचलं, आणि तोवर ते मलाच पटेनासं झालं होतं.)

दादा, या घरात एकही वस्तू माझी वाट बघत नाही. सकाळी उठून मी एक फेरी मारतो, दिवे लावून बघतो, खण ओढून बघतो, बिजागऱ्यांना कान लावतो. सगळं ठणठणीत. कपडे धुण्याचं यंत्र एकदा थरथरलं, मी धावलो, तर ते त्याचं कामच होतं. दोघीही मला फार जपतात. बाबा बसा, अहो बसा. बसलेला असतो मी.

म्हणून आज मी एक काम केलं. लेक कामावर आहे, ही शेजारणीबरोबर सिनेमाला गेली आहे. स्टूल लावून पेटी माळ्यावरून खाली काढली आणि जेवणघराबाहेर हात धुवायचं बेसिन आहे, त्याचा नळ उघडला. तो बिघडलेला नव्हता. त्याचा आतला गाभा काढला, फिरवून उलटा बसवला, वरची मूठ घट्ट केली. आता तो आपल्या पद्धतीने फिरतो. काम इतकं सफाईदार झालं आहे की बघून सांगता येणार नाही, वापरूनच कळेल, आणि तीच आता काळजी आहे. पेटी पुन्हा वर ठेवली, फरशी पुसली, आणि हे पत्र लिहायला बसलो. लेक यायची वेळ होत आली आहे. ती आली की आधी हात धुते. भिजेल, आणि मग तोंडाने काही बोलणार नाही, नुसती बघेल, सोल्डरिंगच्या दांडीकडे बघितलं तशी. ते दुसऱ्यांदा बघायची माझी तयारी नाही.

तर उत्तर असं: आम्ही परत येतोय. निदान मी येतोय. माझं जिथे काम आहे तिथे मी असावं, एवढाच त्याचा अर्थ. सुताराला, प्लंबरला बोलावू नका. तुम्हाला सगळ्या पद्धती मी स्वतः, तुमच्याच गुडघ्यावर, नीट समजावून देईन.

वहिनींना नमस्कार. काठी पंख्याखालीच ठेवा.

आपला (अजून तरी) घरमालक आणि मेव्हणा

ता. क. वर लिहायला संकोच वाटला ते इथे लिहितो. तुमच्या बहिणीला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा उलट टपाली तिच्या नावाने एक स्वतंत्र पत्र घाला, की घराची दशा बघवत नाही, पंखा बंद, दार बंद, तुझ्या नवऱ्यावाचून आमचं पान हलत नाही, त्याला ताबडतोब पाठव. थोडं वाढवून लिहिलंत तरी चालेल. फक्त गुडघ्याचं लिहू नका. ती म्हणेल, सुतार बोलवा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. लेक आली. मी वर्तमानपत्राआड बसलो होतो. ती बेसिनपाशी गेली, फोनवर कोणाला तरी झापत होती, एका हाताने नळ सोडला, हात धुतले, बंद केला, आणि निघून गेली. थेंब उडाला नाही! मला वाटलं, मीच गाभा चुकीचा बसवला. जाऊन फिरवून बघितला, उलटाच होता. पेपर तसाच हातात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने तीच परत आली, नळाकडे बघितलं, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलंत." मी म्हटलं, हो. म्हणाली, "घर सोडल्यापासून जिथे जाईन तिथे नळ मी आधी उलटा फिरवते. मग सरळ. रोज, प्रत्येक नळ. ऑफिसात हसतात मला." मी म्हटलं, सरळ करून देतो, पेटी तेवढी काढून दे. तर म्हणाली, "राहू दे. हा एक राहू दे." आणि माळ्यावरून पेटी काढून तिने माझ्या पलंगाखाली ठेवली. सोल्डरिंगची दांडी तेवढी स्वतःकडे ठेवून घेतली, तिची वायर बदलल्याशिवाय मिळणार नाही म्हणाली. सही तिची चालते, काय करणार.

ता. क. तिसरा. दादा, वरचं उत्तर आणि पहिला ता. क. दोन्ही रद्द समजा. सुताराला बोलवा आणि मागचं दार असं करून घ्या की वहिनींनी बोटाने ढकललं तरी उघडेल. नळही बदला. जागा तुमची. (काढलेले पितळी नळ मात्र प्लंबरला देऊ नका, तो भंगारात घालेल. फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवा.) हे लिहिताना फार आनंद होतोय असं नाही, त्या दाराशी माझं जमलं होतं. पण तुम्हाला ते जमणार नाही, आणि मलाही आता तिकडे

वाक्य पुरं करता येत नाही. ही सिनेमाहून आली आहे आणि हात धुवायला गेली आहे. हिची सवय आता नव्या घराची, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. पाण्याचा आवाज येतोय, बराच येतोय, बंद करायला जाते आहे तसा वाढतोय. आणि दादा, इथे आल्यापासून पहिल्यांदा, एवढ्या लांबून, स्वच्छ ऐकू आलं:

"अहो! नळ!"

मी निघतो. मला बोलावणं आहे.