शनिवारची मांडणी

प्रिय लूपे,

आईचं वजन उतरतंय, हे तू कळवलं नाहीस. फेतूमावशीने चर्चच्या दारात सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी घातलेली वजनाची अट ती लवकरच पूर्ण करेल म्हणे. वर मावशी म्हणाली, "धाकटीने करून दाखवलं हो! थोरली नुसती मांसाचे डबे घेऊन येते." मी हसले. निदान तोंड तसं केलं.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. सुपरमार्केटमध्ये कोणती वस्तू कुठल्या फळीवर ठेवायची, ते मी ठरवते. साखर लावलेलं सीरियल मुलांच्या डोळ्यांसमोर, साधे ओट्स पायाशी. रांगेच्या टोकाची जागा सगळ्यांत महाग. आपल्या मांगेरे भागातल्या दुकानात दर शनिवारी तिथे मी खारवलेल्या गोमांसाचे डबे आणि कोलाच्या बाटल्या रचायला लावते. ऑफिसातल्या कुणाला हे सुचलं नसतं. आपल्या बेटांकडच्या लोकांतलं कुणी रविवारी पाद्रीबाबांकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या डब्यांच्या दुप्पट डबे आपल्या घरात शिरतात, हे मी आपल्याच स्वयंपाकघरात पाहिलंय.

गेल्या शनिवारी मांडणी तपासायला मी तिथे होते. तुम्ही दोघी आलात, तेव्हा साबणांच्या रांगेआड उभी राहिले. आई ढिगापाशी थांबली. हात पुढे केला. मला बरं वाटलं. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

तू वजनाचं नाव काढलं नाहीस, डॉक्टरांचंही नाही. म्हणालीस, "आई, पाद्रीणबाईंची नवी टोपी पाहिलीस? पांढरी कोंबडी अंड्यावर बसलीय नुसती!" आई म्हणाली, "गप गं गाढवे, देव ऐकतोय," आणि तुझा खांदा धरून इतकी हसली, की हात डब्यांवरून कधी निघाला ते तिलाही कळलं नाही. मग तुम्ही अळूची पानं आणि मासळी घ्यायला गेलात.

इतका विचार करून रचलेला ढीग तू एका टोपीवर उडवलास. मला तुझा राग येतो, लूपे. लहानपणीही तुझ्या नकलांना आई पोट धरून हसायची, आणि माझा पहिला नंबर आला की "छान" म्हणून भात ढवळायला लागायची. नोकरी लागल्यावर मी डबे आणू लागले, कारण डबे दिसले की ती दारातून ओरडते, "माझी सिएनी आली!" माझी पाठ वळली की ते डबे तू शेजारी वाटून टाकतेस, हेही मला ठाऊक आहे.

तो ढीग हलवू का, असं मी ऑफिसात विचारलं. नाही म्हणाले. खपतो.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी तू घरी थांब. आईला मी नेते. डबे आणणार नाही. पण मला टोप्यांवर बोलता येत नाही, तेव्हा ती ढिगापाशी थांबली तर काय म्हणायचं, तेवढं कळव. आणि मागून येऊन साबणांच्या रांगेआडून बघू नकोस. मी बघितलंय. मनाला फार लागतं.

तुझीच, डबेवाली थोरली,
सिएनी