घडीच्या उजवीकडे

मंगळवार, १४ तारीख
ऑफिस, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा घालायचा तर कंबर परवानगी देत नाही, म्हणून कागदावरच घालतोय, गोड मानून घे. आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला एकदाचा गेला. धाकटीने केस कापून आणलेत आणि ‘आत्यासारखी दिसते ना मी?’ असं विचारत आरशासमोरून हलत नाही. भावजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, दिवसातून चारदा जिना चढणं हा व्यायाम नव्हे, हट्ट आहे.

पत्राबरोबर नळीत गुंडाळलेला एक मोठा कागद पाठवतोय. तो पत्र वाचून झाल्यावर उघड. तू आधीच उघडशील हे मला ठाऊक आहे, तरी सांगून पाहिलं.

बाई आता जाहीर गाणं थांबवताहेत, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. अठरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून व्हायोलिन वाजवलंस, तुला नाही कळणार तर कुणाला? आमच्या मासिकाने त्यांच्यावर समोरासमोरची दोन पानं द्यायची ठरवलीत आणि मांडणी माझ्याकडे आहे. गेल्या सोमवारी बाई स्वतः फोटोंचा खोका घेऊन आल्या. लिफ्ट बंद, तिसरा मजला. वर येईपर्यंत लिफ्टवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता, आणि तोही सुरात.

खोक्यातून त्यांनी एकच फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. जुन्या सभागृहातला. बाईंचे डोळे मिटलेले, एक हात वर गेलेला. तू त्यांच्याकडे बघतेयस, गज तारांवरून उचललेला, पुढच्या स्वराची वाट बघत. मी तो फोटो लगेच ओळखला. बारा वर्षांपूर्वी तो एकदा माझ्या हाताखालून गेला होता.

त्याचं पुढे लिहितो. आधी माझी फजिती ऐक.

मी ठरवलं, या वेळी ताई मधोमध. दोन्ही पानं भरून फोटो, आणि बरोबर मध्यावर तू. बुधवारी छापखान्यात चाचणीची प्रत काढली. आमचे मशीनवाले मामा तीस वर्षं शाईत हात घालून बसलेत, बोलतात कमी. त्यांनी कागद दुमडला, अंकात असतो तसा धरला आणि माझ्या नाकासमोर नाचवला.

“साहेब, मधोमध बसवायला गेलात आणि ताईंना घडीत घातलंत की!”

खरंच. एक डोळा डाव्या पानावर, एक उजव्या, आणि नाक शिलाईत गडप. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ताई, घडीवर चेहरा आणू नये हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नव्या लोकांना तो मीच शिकवतो. मामांना नवल वाटलं. मला नाही वाटलं, कारण त्या दिवशी माझं डोकं मांडणीत नव्हतंच.

आता आढेवेढे पुरे.

बारा वर्षांपूर्वी या फोटोतून तुला संपादकांनी कापलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. कापणारा मीच. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते, पहिल्यांदाच दोन पानं माझ्यावर सोपवली होती आणि शीर्षकाला जागा पुरत नव्हती. हे झालं एक कारण. दुसरं असं, की ‘बहिणीला मिरवतोय’ असं कुणी म्हणेल याची मला धास्ती होती. जागा दुसरीकडेही निघाली असती. मी शोधलीच नाही. छापलेल्या फोटोत तुझं कोपर उरलं आणि अर्धा गज. तू अंक चाळून “कागद चांगला वापरतात रे” एवढंच म्हणालीस. त्यानंतर तू माझा एकही अंक मागितला नाहीस. मी पाठवत राहिलो, तू ‘पोहोचला’ एवढंच कळवत राहिलीस.

हे सगळं मी आणखी बारा वर्षं गिळून बसलो असतो. पण सोमवारी बाईंनी तो फोटो ठेवला आणि म्हणाल्या, “या वेळी कात्री जरा दूर ठेव.”

त्या शांतपणे पाणी प्यायल्या आणि सांगू लागल्या. तो अंक बघून त्यांनी संपादकांना फोनवर फाडून खाल्लं होतं. संपादक म्हणाले, तुमच्या व्हायोलिनवाल्या बाईंच्याच भावाने कापलंय. बाई म्हणाल्या, मग त्या भावाला घरी बसवा. तेवढ्यात तू त्यांच्या हातातून फोन ओढून घेतलास आणि म्हणालीस, “मीच त्याला सांगितलं होतं, मला वगळ म्हणून.”

“आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्या हातातून काही ओढून घेतलं,” बाई म्हणाल्या. “तोवर मी तिला कधी बेसूर ऐकली नव्हती.”

ताई, तू माझ्यासाठी खोटं बोललीस, मी तुझ्याशी खोटं बोललो, आणि आपण दोघं बारा वर्षं भावजींचा गुडघा, पाऊसपाणी आणि मुलांचे मार्क यांवर गप्पा मारत राहिलो. तुझ्या रियाझाच्या खोलीत जमिनीवर खडूने रेघोट्या ओढायला मला तूच बसू दिलंस, म्हणून हात वळला, हे मी सगळ्यांना सांगतो. माझी नोकरीही तूच वाचवलीस, हे मला आता कळतंय. तुझे उपकार मानायलाही मला बारा वर्षं उशीर झाला. फार वाईट वाटतं गं. आणि त्याहून जास्त बरं वाटतं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटतं खरं.

बोटं आखडायला लागल्यापासून तू व्हायोलिन पेटीबाहेर काढत नाहीस, हे भावजींनी मला सांगितलंय. म्हणूनही हे पान आताच व्हायला हवं होतं.

आता नळी उघड. डाव्या पानावर बाई. उजवं पान पूर्ण तुझं, चेहरा, हात, गजाच्या टोकापर्यंत. घडी पडलीय ती तुम्हा दोघींमधल्या रिकाम्या सतरंजीवर. संपादकांनी कुरकूर केलीच. “वाचक बाईंसाठी अंक घेतात, शीर्षक उजवीकडे मोठं हवं.” मी म्हटलं, “एकदा तुमच्या शीर्षकासाठी मी माणूस कापलाय, पुन्हा नाही कापणार.” त्यांनी चष्मा पुसला आणि पान मंजूर केलं. शीर्षक आता डावीकडे खाली आहे, लहानसं. फोटोखाली दोन नावं आहेत, एकाच आकाराच्या अक्षरांत.

पान शुक्रवारी दुपारी मशीनवर चढेल. तुझं काही म्हणणं असेल तर त्याआधी फोन कर. नसलं तरी कर. आणि ताई, एक विनंती आहे. या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. “कागद चांगला आहे” म्हणू नकोस. बारा वर्षांचा राग असेल तर सगळा काढ, मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. तुझा राग माझ्या वाट्याला येत नाही, तोवर मी तुला परका आहे असंच मला वाटत राहील.

फोनची वाट पाहतोय.

तुझ्या एका खोट्यावर बारा वर्षं पोट भरलेला,
तुझा खडू