व्हॉल्व्ह बदलले त्या दुपारी

पेण, नागपंचमी

प्रिय सगू,

आशीर्वाद मागाहून देतो, आधी बातमी ऐक. तुझ्या रोह्याच्या शेजारच्या नासिरने कुवेतहून आणलेले ते दोन काचेचे व्हॉल्व्ह काल दुपारी मी रेकॉर्डच्या यंत्रात बसवले. माझे मी, कुणाची मदत न घेता. आणि अगं, घरातल्या सगळ्या जुन्या रेकॉर्ड नव्या झाल्या. कालपासून कारखान्यात काम कमी नि गाणं जास्त चाललंय. तुझी आई म्हणते, यंदा गिऱ्हाइकांना गणपतीऐवजी गाणीच बांधून द्या.

तू बजावलं होतंस तसंच केलं. आधी प्लग काढला. थंड होऊ द्या असंही म्हणाली होतीस, पण एवढा धीर तुझ्या बापाकडे कधी होता? बोट पोळलं. तू जोडून दिलेला तो प्रीअँप उघडला. लोक विचारतात तेव्हा मी त्याला ‘सुईचा बारीक आवाज मोठा करणारा डबा’ म्हणतो, म्हणजे माझंही अज्ञान झाकलं जातं. जुने व्हॉल्व्ह हलवत हलवत उपसले. नव्याच्या पिना बोटाने चाचपल्या, त्यांच्यात जिथे फट जास्त आहे ती बाजू शोधली, खालची भोकंही तशीच चाचपली आणि दाबलं. नीट बसला. दुसराही तसाच बसवला आणि प्लग लावला. आई शेजारी उभी होती. काचेच्या आत लाल दिसतंय का, ते मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, दोन्ही पेटलेत.

मग तुझ्या आवडीची ठुमरीची रेकॉर्ड लावली. इतकी वर्षं ती बाई तोंडाला पदर लावून गातेय असं वाटायचं. काल पदर बाजूला झाला. तान घेण्याआधी ती श्वास घेते, सगू. तबल्यावर बोट घासतं तेही कळतं. जनू खाली कारखान्यात रंग कालवत होता, तो कुंचला हातात घेऊनच वर आला नि म्हणाला, “नाना, ही बाय हितंच कुठं बसलेय व्हय?” मग मला चेव आला. एका बाजूला नवा व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला जुना, असं करून पाहिलं. डावा स्पीकर उजव्याला वेडावून दाखवायला लागला. पुन्हा दोन्ही नवे लावले. तीच रेकॉर्ड किती वेळा ऐकली ते विचारू नकोस. फार आनंद झाला मला, लहान पोरासारखा.

तू म्हणशील, गणपती तोंडावर आले असताना नानांना एवढी फुरसत कुठली. तेच सांगायचंय, मघापासून गाण्याआड लपतोय. ओळी वरखाली गेल्यात त्यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. मागच्या महिन्यात मी दोन मूर्तींची आखणी केली, डोळे रेखले, आणि दुसऱ्या दिवशी जनूने त्या भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, एक डोळा आढ्याकडे बघतोय, एक दाराकडे. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं. आतला पडदा खराब झालाय, जिथे नजर रोखावी तिथेच डाग दिसतो. याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसत राहील म्हणे. म्हणजे तुझी आई भांडायला कुठल्या बाजूने आली ते समजेल. रडलो मी, तुझ्यापासून काय लपवायचं. उभा जन्म आखणीत गेला.

आता सगळ्या मूर्ती रंगवून तयार आहेत आणि एकीलाही डोळे नाहीत. खांब गावच्या मंडळाचा काळुराम आज सकाळी येऊन गेला. आखणी कोण करणार, म्हणाला. मी म्हटलं, माझी सगुणा. “रोह्याची? ती तर रेडिओ नीट करते ना?” मी त्याला बसवलं, रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकवली आणि म्हटलं, हा डबा तिच्या हातचा आहे. केसाएवढी तार जोडणारा हात पापणीची रेघ चुकेल होय? जाताना म्हणाला, “मंग काय हरकत नाय.” जनूला तर मी विचारलंही नाही, त्याने तुझ्यासाठी बसायचा पाट घासून ठेवलाय.

तेव्हा ये, सगू. जावईबापूंना सांग, गणपतीपर्यंत दुकान त्यांनी एकट्याने ओढावं. भीती वाटेल, वाटू दे, मलाही दर वर्षी वाटायची. मी मागे उभा राहून चुका काढणार नाही. मला त्या दिसणारच नाहीत, तेवढा तुझा फायदा. मी आपला माडीवर रेकॉर्ड लावून बसेन. पहिली मूर्ती झाली की हाक मार. मी खाली येऊन तिच्यासमोर उभा राहीन, आणि ती माझ्याकडे बघतेय की नाही, ते तू मला सांग.

तुझाच,
नाना