सातवा पत्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
नवी नोकरी, नवी डायरी. ऑफिस मरोळ गावठाणात आहे, बेटी आंटीच्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. अंगणात क्रूस, बाजूला आंब्याचं झाड, आणि मागे आंटी एकटी राहते. दहिसरहून यायला जीव जातो, पण जागा झकास आहे. मालक हर्षद माझ्याच वयाचा. त्याने आल्या आल्या सगळं माझ्या गळ्यात घातलं: सहा कॉम्प्युटर, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारा एक डबा. काम इन्शुरन्सचे कागद चढवायचं. तीन महिने ट्रायल. नोकरी टिकवायचीच आहे, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय. सध्या ती मला आवाजावरूनच ओळखते. दारातून हाक मारली की आतून म्हणते, आलीस का गं श्रुतिका.

४ नोव्हेंबर, मंगळवार
इंटरनेटची लाइन अजून आली नाही, रस्ता खोदायची परवानगी अडकलीय. म्हणजे कॉम्प्युटरना पत्ते, म्हणजे ओळखीचे आकडे, वाटून देणारा सर्व्हरही नाही. हर्षदला वाटलं, वाट लागली. मी त्याला समजावलं की वाटणारं कोणी नसलं तर कॉम्प्युटर स्वतःच पत्ता घेतो. १६९.२५४ ने सुरू होणारा एखादा आकडा मनाने निवडतो आणि तारेवर सगळ्यांना विचारतो, हा कोणाचा आहे का. दोन-तीनदा विचारतो. कोणी बोललं नाही तर तो त्याचा. कोणी हो म्हटलं तर मुकाट्याने दुसरा शोधतो. लग्नाच्या पंगतीत आपण नाही का विचारत, इथे कोणी बसलंय का, तसंच. दुपारपर्यंत सहाही जण एकमेकांशी बोलायला लागले.

आंटीची एक गंमत आहे. संध्याकाळी कडी घालायच्या आधी ती ओट्यावर उभी राहून ऑफिसातल्या एकेकाचं नाव घेते आणि आपण "हाय" म्हणायचं, तिच्या बोलीत आहे म्हणून. तिच्या आईपासूनची पद्धत. ओ दिली नाही तर जागा रिकामी समजतात म्हणे. कोण समजतात, ते काही तिने सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज आंटीची फिरकी घेतली. माझं नाव आल्यावर गप्प बसले. तिने पुन्हा हाक मारली, परत मारली. मी टेबलाखाली वाकून हसत होते. बाहेर आले तर तिचा चेहरा पांढराफटक. रागावली नाही, फक्त म्हणाली की हाकेला ओ द्यायची असते पोरी. मला वाईट वाटलं.

निघताना सहज स्क्रीनवर पाहिलं. तारेवर सात पत्ते आहेत. कॉम्प्युटर सहाच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हर्षदने कुठेतरी सातवा लपवलाय, माझ्यावर नजर ठेवायला. ट्रायलवरच्या माणसाशी असंच वागतात. माळा पाहिला, कपाटांच्या मागे हात घातला. धूळ आणि एक मेलेली पाल, बस्स.

त्यात माझ्याच कॉम्प्युटरवर निरोप आला, तुमचा पत्ता दुसरं कोणी वापरतंय. कॉम्प्युटरने नवा निवडला, विचारलं, लगेच कोणीतरी हो म्हटलं. आणखी एक निवडला, तोही गेला. मी बाकी पाचांच्या तारा उपटल्या. तरी हो येतंय. डब्याच्या ज्या भोकात तारच नाही, तिथला दिवा लुकलुकतोय.

१० नोव्हेंबर, सोमवार
हर्षदने शनिवारच्या कामाबद्दल शाबासकी दिली. शनिवारी मी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे होते. तसं म्हटलं तर हसला, म्हणाला, समोर बसून चहा प्यायलीस ना यार. हा मला वेडी ठरवून काढणार. तेच असेल. तेच असू दे.

संध्याकाळी आंटीने माझं नाव घेतलं. मी अंगणात चपला घालत होते. तोंड उघडायच्या आत ऑफिसातून "हाय" आलं. आत कोणी नव्हतं. आवाज माझा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
आंटीला गाठलं. रडली. गुरुवारी तिसऱ्या हाकेनंतर तिला आतून ओ ऐकू आली होती. तिला वाटलं मीच. मी तर टेबलाखाली — मी काही ऐकलं नाही.

म्हणाली, जिथे जिथे तुझं नाव आहे तिथे ती ओ देणारी विचारत जाणार, इथे कोणी आहे का. तिच्या आधी ओ देत जा.

आई घरी एकटी असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
हर्षदने विचारलं, कोण हवंय आपल्याला. मला आपण म्हणाला. पाणीही दिलं. माझ्या खुर्चीवर माझी ओढणी —

आईला फोन केला. राँग नंबर म्हणाली. मुलगी सुट्टी घेऊन घरीच आहे म्हणाली —

दहिसर. चाळीच्या जिन्यात बसलेय. दार बंद. आत दोघी हसतायत.

हाक मारली. आतून माझ्याच आवाजात ओ आली.

हो आलं की मुकाट्याने दुसरी जागा शोधायची. मीच शिकवलं होतं हर्षदला. नाही शोधणार. माझी आई आहे ती. माझी.

पुन्हा मारली —

पावलं. आईची. चाचपडत येतेय. दाराला हात लागला तिचा. विचारतेय, कोण आहे बाहेर. ओळखेल ती. आवाज ऐकला की ओळखेल. नाव सांगायचंय फक्त, मी आहे आई, मी, माझं नाव, माझं नाव काय