दोब्रिंका आणि पुन्हा पुन्हा उठणारा जादूगार

३ फेब्रुवारी
संकल्प. दोब्रिंकाचा कॉम्प्युटरवरचा गेम पुरा करायचा. पेन्शन लागल्यावर बायकोने विणकाम सोडून हा नाद धरला होता. तिची लाल झग्यातली तलवारवाली अजून थडग्याच्या दाराशी उभी आहे. आत मेलेला जादूगार. डाव अर्ध्यावर टाकून गेली. तिला जाऊन वर्ष भरायच्या आत त्याचा निकाल लावतो. रडणंबिडणं आपल्याला जमत नाही. काम उरकणं जमतं.

५ फेब्रुवारी
मारला! जन्मभर ट्रॉलीबस दुरुस्त केलेले हात.

६ फेब्रुवारी
मेला पुन्हा उठला. तेच हिरवे डोळे. शेजारचा पेन्चो म्हणाला, अरे, असले जादूगार सगळ्या गेममध्ये असेच. जीव एका पेटीत लपवतात. पेटी फोडली नाहीस तर कितीही मार, कॉफी पिऊन परत येईल.

१० फेब्रुवारी
पेटी शोधतोय. एक सापडली. पण ती हीच कशावरून?

१४ फेब्रुवारी
द्राक्षवेली छाटायचा सण. वाइन झाली. अशा हाताने पेटी फोडणं बरं नव्हे.

१९ फेब्रुवारी
लेकीचा, नेव्हेनाचा फोन. म्हणाली, बाबा, आईला जाऊन वर्ष होतंय, तिच्या आठवणीचा नवा कागद छापून दारावर लावा की, जुन्यावरचा फोटो पावसाने धुऊन गेलाय. म्हटलं, लावतो, आधी जादूगार. कोण जादूगार, म्हणाली. फोन कट झाला. मीच केला.

२२ फेब्रुवारी
पुन्हा मारला. पुन्हा उठला. लढून झालं की तलवारवाली गुडघ्यावर हात टेकून धापा टाकते. दोब्रिंका जिना चढून आली की अशीच. हे आपलं निरीक्षण. तिची खुर्ची अधूनमधून कुरकुरते. लाकूड थंडीने आखडतं.

२५ फेब्रुवारी
पेन्चोने गेममधली झोळी उघडून पाहिली. पेटी आतच. म्हणाला, ही काय लोणचं घालायला ठेवलीस? म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. तर म्हणतो, तो बिचारा कधीच निजला असता, तूच उठवतोयस त्याला! कॉफी न देता वाटेला लावला.
पेटी फुटली की गेम संपणार, तिची तलवारवालीही जाणार. म्हणून थांबलोय असं नाही. माऊस बिघडलाय.

२ मार्च
वर्ष झालं. रिवाजाप्रमाणे कबरीपाशी उकडलेले गहू वाटले. कागद नेव्हेनानेच छापून आणला, दारावर चिकटवला. फोटोतली दोब्रिंका हसतेय. घरात आलो आणि पेटी फोडली.
जादूगाराची राख झाली. गेम संपला नाही. तलवारवाली होती तिथेच, श्वास घेत. म्हटलं, जिंकलीस बाई, चल घरी. बराच वेळ वाट पाहिली.
मी बटण दाबल्याशिवाय ती हलणार नव्हती.