एल्डन क्रॉली शनिवारी कुठे होता

स्टोव्हर्स हार्बर, मेन
२९ मे

श्रीमती विनिफ्रेड ऑगस्टा थर्लो हिस,

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करण्याचा शिरस्ता मी आजवर मोडलेला नाही. परंतु तुझ्या बाबतीत तो प्रश्न सतरा मार्चपासून निकाली निघाला आहे. माझी प्रकृती ठीक आहे. (वजन नऊ पौंडांनी उतरले. डॉक्टरांना ते आवडले, मला नाही.)

तुझे ऑफिस रिकामे करून घरमालक मिस्टर हॅस्कल यांच्या ताब्यात देण्याचे काम तुझी भागीदार जोझेत हिने माझ्याकडे सोपवले, कारण ती स्वतः तुझा अखेरचा खटला लढवण्यात गुंतली होती. चाळीस वर्षे जमिनी मोजल्यामुळे माझा अंदाज असा की दोन खोल्यांच्या सामानाला चार दिवस पुरतील. सात आठवडे लागले. त्याचा खुलासा करण्यासाठी हे पत्र आहे.

पहिल्याच दिवशी दुपारी तीन वाजता एक उंच गृहस्थ स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीत बसले. खटला उभा राहीपर्यंत प्रत्येक अशिलाला बाहेरच्या खोलीची किल्ली द्यायची ही तुझी पद्धत मला ऐकून ठाऊक होती (घरी बसवत नाही, कोर्टात कोणी बसू देत नाही, मग या माणसांनी बसावे कुठे, असे तुझे म्हणणे); पण किल्लीवाला माणूस प्रत्यक्ष आत आला की काय करावे, हे तू कधी सांगितले नाहीस. तुझ्या ऑफिसात सव्वीस वर्षांत मी पाऊल ठेवले नव्हते, तेव्हा मीही कधी विचारले नव्हते. मी समोरच्या खुर्चीत बसलो. पाचपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पुढचे दोन आठवडे हाच कार्यक्रम चालला.

ते गृहस्थ म्हणजे एल्डन क्रॉली, वय सहासष्ट, धंदा समुद्रात सापळे टाकून शेवंड (लॉबस्टर) पकडण्याचा. आरोप असा की गेल्या जूनमध्ये एका शनिवारी सकाळी त्यांनी शेजाऱ्याच्या चाळीस सापळ्यांचे दोर कापले. धुक्यात कोणाला तरी हिरवी बोट दिसली होती आणि एल्डनची बोट हिरवी आहे. दोषी ठरल्यास परवाना तीन वर्षांसाठी जाणार, आणि त्या वयात तीन वर्षे म्हणजे कायमचाच. त्या सकाळी कुठे होता, या प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर होते: घरी, एकटा. जोझेतने ते अकरा वेळा ऐकले आणि अकराही वेळा तिचा त्यावर विश्वास बसला नाही.

तिसऱ्या आठवड्यात ते एकाएकी बोलले. "तुमची तारीख कधी?"

मी म्हणालो, तारीख नाही.

"मग बसता कशाला?"

माझी पत्नी वारली, असे मी सांगितले.

"आणि त्यांना वाटतं तुम्हीच?"

मी खुलासा करणार तोच ते आणखी बोलू लागले. (अशील बोलत असताना मध्ये बोलू नये, हा तुझा नियम.) "विनीबाई असत्या तर सोडवलं असतं हो तुम्हाला. तुमच्यावर खुनाचं, आणि मी इथे माझं रडगाणं घेऊन बसलोय!"

मग त्यांनी सांगितले. त्या शनिवारी, आणि दर शनिवारी, ते तीस मैलांवरच्या एका जलतरण तलावात नवशिक्यांच्या पोहण्याच्या वर्गात असतात. आदल्या वर्षी त्यांचा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर बुडाला. आपल्या धक्क्यावर कोणालाच पोहता येत नाही, आणि शिकणे म्हणजे आपल्याच बोटीवर भरवसा नसल्याचे कबूल करणे, हे तुला मी सांगायला नको. "परवाना गेला तर जाऊ दे," ते म्हणाले. "पण सहा वर्षांच्या पोरींबरोबर पाण्यात बुडबुडे काढतो मी, बुडबुडे! हे धक्क्यावर कळलं तर मला कोणी जगू द्यायचं नाही."

तेव्हा मी कोण आहे ते सांगणे मला भाग पडले. ते उठले, टोपी घेतली. "असं चोरून ऐकतात होय?" त्यांचा राग रास्त होता. भरपाई म्हणून मी माझीही एक गोष्ट सांगितली: तुझ्या पहिल्या खटल्यात तू हरलीस आणि गाडीत रडलीस, ते पुन्हा पाहण्याचे धैर्य नव्हते म्हणून त्यानंतर तुझे बोलणे ऐकायला मी कोर्टाची पायरी पुन्हा चढलो नाही. आणि खोक्यांचे काम चार दिवसांचेच आहे; आज बांधतो ते मी उद्या सोडतो.

त्यांनी टोपी पुन्हा खुंटीला लावली.

मी आग्रह केला नाही. 'निर्णय अशिलाचा' ही तुझी पाटी अजून भिंतीवर होती. (सगळ्यात शेवटी काढलेली वस्तू तीच.) चार दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "तुम्ही कोर्टात पुढच्या बाकावर बसा, मी सांगतो. लाज काय ती दोघांची एकदमच जाऊ दे."

त्याप्रमाणे मी बसलो. एल्डनने सांगितले. मागच्या बाकांवर अख्खा धक्का जमला होता. 'बुडबुडे' या शब्दाला तो इतका हसला की न्यायाधीशबाईंना दोनदा हातोडा आपटावा लागला. एल्डन फक्त माझ्याकडे पाहत बोलत राहिले. मग वर्गाच्या शिक्षिका मिसेस ग्रिंडल हजेरीपट घेऊन आल्या. हे नक्की हजर होते कशावरून, असे सरकारी वकिलांनी विचारले.

"अहो, सव्वासहा फुटी माणूस चिमुरड्यांच्या रांगेत उभा असला की हजेरी घ्यावी लागत नाही."

प्रगती कशी आहे, हे वकिलांनी विचारायला नको होते.

"पाय झकास मारतो. नाक सोडत नाही मेला."

या वेळी माझा रुमाल बाहेर होता, कारण त्या बाकाला खिडकीचा वारा लागतो. ज्युरी चाळीस मिनिटांत परतली. निर्दोष. जोझेतने एल्डनला मिठी मारली, आणि नंतर मलाही, याची मला पूर्वसूचना नव्हती. त्याच संध्याकाळी कोणीतरी एल्डनच्या बोटीला लहान मुलांची फुगवायची बदके बांधली. त्यांनी ती अजून सोडलेली नाहीत. पुढच्या शनिवारी धक्क्यावरचे तिघे त्या वर्गात उगवले आणि आपण केवळ चेष्टा करायला आलो आहोत असे त्यांनी सांगितले. पोहण्याचे कपडे मात्र तिघांनीही आणले होते.

तुझा,
लायमन

ता. क. – खोकी भरताना तुझी खासगी वही सापडली. गेल्या ऑक्टोबरच्या पानावर एवढेच आहे: 'एल्डनच्या अंगाला क्लोरीनचा वास येतो. विचारायचे नाही. सांगेल.' मी दाखवल्यावर जोझेत पाच मिनिटे तुझ्या नावाने ओरडली. मग तिने ते पान मागून घेतले.

ता. क. २ – वरील सर्व मजकूर प्रस्तावना समजावी. मूळ प्रश्न असा, की माझी पोहण्याची निळी चड्डी तू कुठे ठेवली आहेस? एल्डनने मला न विचारता माझे नाव या शनिवारसाठी घातले आहे. (निर्णय अशिलाचा, याची मी आठवण दिली. तुम्ही अशील नाही, असे ते म्हणाले.) तिन्ही कपाटे पाहिली. तुझे कपाट उघडलेले नाही. ती तिथे असल्यास उघडावे लागेल, तरी राग मानू नये.

ता. क. ३ – हिरवी खुर्ची एल्डन ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. त्यांच्या ओसरीवर ती दुपारी तीननंतर रिकामी असते म्हणे. करारात दोन किल्ल्यांची नोंद आहे, एल्डनची धरून तीन झाल्या. आज चार वाजून दहा मिनिटांनी दाराला कुलूप लावले आणि ओढून पाहिले. तिन्ही किल्ल्या मिस्टर हॅस्कल यांना परत केल्या.